सारवलेली जागा

"पाय काढा तिकडून नत्थुजी, ओलं हाये ते!"

नत्थुजींनी उचललेला पाय तसाच हवेत धरला आणि मागे घेऊन दगडी वाटेवर टेकवला. बागेचे चौकीदार होते ते. कारंज्याच्या कठड्यावर बसून बिडी ओढायचे, विश्वस्तांच्या खुर्चीत दुपारचे घोरायचे, आख्ख्या बागेत त्यांना हटकणारं कोणी नव्हतं. फक्त बकुळीखालच्या तेवढ्या अंगणात सकाळी सकाळी पाय टाकायची त्यांची टाप नव्हती.

"घर तरी असं सारवता का वो, बाई?" ते म्हणाले.

"घरात देवीचं फूल पडते का?"

मनकर्णाबाईंनी शेणाचा हात शेवटच्या कोपऱ्यापर्यंत नेला, बादली बाजूला सरकवली आणि कमरेला हात लावून उभ्या राहिल्या. नुकतं फटफटत होतं. आता वाट पाहायची. सारवण सुकत येईल आणि वरून एकेक फूल खाली येईल. रात्री पडलेली फुलं त्यांनी आधीच झाडून टोपलीत भरली होती. ती गिऱ्हाइकांच्या गजऱ्यांसाठी. सारवल्यानंतर पडतील ती अंबादेवीच्या हारासाठी. हा नियम त्यांच्या सासूबाईंचा, पार्वताबाईंचा. खाली पडलेलं फूल देवाला वाहत नाहीत. प्राजक्त आणि बकुळ यांना तेवढी सूट आहे म्हणतात. पण पार्वताबाई सवलतीचा फायदा घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. "देवीनं सूट देल्ली म्हून मातीतलं उचलून तिच्या गळ्यात टाकाचं का?" असं म्हणून त्यांनी झाडाखाली घरासारखी जमीन केली. त्या गेल्या, आणि हात तेवढा बदलला. सारवण चालूच राहिलं.

रंगरावाची बाग अमरावतीत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे ती तिथे आहे हे ठाऊक आहे. आत जाणारे थोडे. कापसाच्या पैशातून कोणा रंगरावांनी शंभरावर वर्षांपूर्वी ती लावली. दगडी कमान, मधोमध कारंजं, विहीर, आणि विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर ओळीने चार बकुळी. कारंजं मनकर्णाबाईंनी कधी उडताना पाहिलं नव्हतं. बकुळी मात्र चारही त्यांनी सारवल्या होत्या. आता ओळीत एकच उरली होती. गेल्या काही उन्हाळ्यांत एकेक करत तीन वाळल्या. उन्हाळाही आता उन्हाळ्यासारखा राहिला नव्हता, फेब्रुवारीतच अंगावर यायचा, रात्री उतरायचंच नाव घ्यायचा नाही, आणि मधेच गारपीट करून मोकळा व्हायचा. उरलेल्या झाडाचाही शेंडा करपला होता. पूर्वी या दिवसांत टोपली भरून पदरात घ्यावी लागत. आज सूर्य वर येईपर्यंत जमिनीवर पडली ती मोजून ओंजळभर.

"उद्या येऊन राहिली म्हणते ते अकोल्याची," नत्थुजी म्हणाले. "झाडाईची डॉक्टर. ट्रस्टवाल्यायनं बलावली. आता बाग वाचवाची हाये म्हणे."

"येऊ द्या बाप्पा, येऊ द्या," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांना खरंच आनंद झाला होता. इतक्या दिवसांत झाडाची काळजी करणारं त्यांच्याशिवाय दुसरं कोणी निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सारवणात पांढरी माती घातली, कडेने रांगोळीची रेघ ओढली आणि स्वतः धुवट लुगडं नेसून उभ्या राहिल्या. मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा अशी एकूण तयारी होती. डॉक्टर म्हणजे कोणी चष्मेवाला पोक्त माणूस असेल अशी त्यांची समजूत. आली ती जीन्स घातलेली, डोक्याला पांढरा स्कार्फ गुंडाळलेली, तिशीची पोरगी. स्वराली तिचं नाव. अकोल्याला झाडांचंच शिकलेली, आणि आता जुन्या बागा तपासत वऱ्हाडभर हिंडत होती.

"आपण इथे बसावे," मनकर्णाबाई शुद्धात म्हणाल्या.

स्वराली हसली. "मावशी, मी अकोल्याची आहो. मायासंग असं पुण्याचं कायले बोलता?"

मनकर्णाबाईंचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी तिला सगळं दाखवलं. कुठल्या फांदीला आधी बहर येतो, कुठली फांदी मागच्या वर्षी गेली, शेंडा कधीपासून करपला. पोरगी ऐकत होती. मधेच तिने जमिनीवरचं एक फूल उचलून नाकाशी धरलं आणि डोळे मिटले, ते मनकर्णाबाईंना फार आवडलं. मग तिने पिशवीतून एक लोखंडी सळई काढली आणि खोडापासून दोन हातांवर जमिनीत दाबली. सळई गेली नाही. तिने अंगाचा भार दिला. सळई वाकली, ठण्ण वाजली आणि बाजूला उडाली.

"पाह्यलं?" मनकर्णाबाईंना राहवेना. "कशी पक्की हाये! पाडव्याले आन् दिवाळीले चोपण्यानं चोपतो मी. आपली काळी माती, उन्हाळ्यात तिले भेगा पडते. एक भेग राहू देत नाई. चिकणमाती भरून बुजवतो, मंग सारवतो. पाणी टाकलं तं थेंब मुरत नाई, पाहा, सीधं वाटेवर जाते."

स्वरालीने बाजूला पडलेली सळई उचलली. तिने सळई पुसली आणि विचारलं, "या ओळीतली ती तीन झाडं. त्यांच्याखाली बी?"

"तं काय! चारीच्या खाली. देवीचं काम हाये, एकीले सारवाचं आन् एकीले नाई, असं कसं करू?"

स्वराली उठली आणि बागेच्या मागच्या बाजूला, हौदाकडे गेली. तिथेही एक बकुळ होती. रंगरावांच्या माळ्याचं उरलेलं रोप कोणीतरी तिकडे खोचलं असावं. सगळ्या बागेचा पालापाचोळा, काड्या, जुने हार तिच्या बुडाशी पडायचे. मनकर्णाबाई तिला उकिरड्यावरची म्हणत. तिची फुलं कचऱ्यात पडत, देवीच्या कामाची नव्हती, त्यामुळे त्या तिकडे फिरकतही नसत. आज स्वरालीमागोमाग गेल्या आणि पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या. पोरीने पाचोळ्यात सळई टेकवली आणि नुसती दाबली. पार मुठीपर्यंत गेली. वर झाड हिरवंगार होतं. शेंड्यापर्यंत.

"बाई," नत्थुजी हळूच म्हणाले, "हे तं मी कधी वर मान करून पाह्यलंच नोतं."

स्वरालीने मनकर्णाबाईंना हौदाच्या काठावर बसवलं आणि स्वतः खाली पाचोळ्यातच बसली. तिने घाई केली नाही. मुळांना हवा लागते, ती भेगांतून आणि भुसभुशीत मातीतून आत जाते. पाचोळा कुजला की त्यातूनच झाडाला खायला मिळतं. जमिनीवर पांघरूण असलं तर ऊन मुळांपर्यंत पोचत नाही. हे सगळं तिने लेकराला समजवावं तसं सांगितलं, आणि प्रत्येक वाक्यागणिक मनकर्णाबाईंचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे मी मारले म्हणतं का तू? ते तिन्ही?"

"तुम्ही नाई, मावशी. उन्हानं मारले. तुमच्या सासूबाईच्या वक्ती एवढं ऊन नोतं. सारवण तेव्हाबी होतंच ना? झाडांनी सोसलं. आता ऊन आन् सारवण, दोन्ही त्यायले एकदम नाई सोसत."

"मंग ऊन कमी कर ना! तू डॉक्टर हायेस ना?"

स्वरालीने मूठभर पाचोळा उचलून हातात चुरला. मग म्हणाली की वरचा पापुद्रा काढावा लागेल, हातभर पाचोळा घालावा लागेल, आणि भोवती दोरी बांधून कोणालाच आत जाता येणार नाही. पाय नाही, झाडू नाही. फुलं पडतील तिथेच राहू द्यायची. निदान तीन पावसाळे.

"आन् मंग जगते?"

"जगंल असं वाटते. सांगू नाई शकत. उशीर झाला आहे."

मनकर्णाबाईंनी वर हिरव्या शेंड्याकडे पाहिलं. मग त्यांना एकदम उपाय सुचला आणि डोळे चमकले. "असं करू, ही उकिरड्यावरची हाये ना? तब्येतीनं भल्ली हाये. हिच्याखालचा कचरा काढतो मी. सारवतो. ही फुलं देईन, तवर ती आराम करंन."

नत्थुजींनी कपाळाला हात लावला. स्वराली हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं. मनकर्णाबाईंना ते दिसलं, आणि आपण काय बोललो ते मग त्यांच्या ध्यानात आलं.

घरी आल्या त्या तणतणतच. अंबागेटाच्या आत त्यांचं घर, देवळाजवळ हाराफुलांचं दुकान. दुकान आता सून रूपालीच बघत होती. निशिगंध, झेंडू, गुलाब बाजारातून यायचे. बकुळ हा नुसता सासूबाईंचा नेम होता, धंद्यात तिची गणती नव्हती.

"कालची पोट्टी!" मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले सांगून राहिली. बाहारून येऊन सळया खुपसते आन् म्हणते पाचोळा टाका. देवीचं फूल पाचोळ्यात?"

रूपालीने ऐकून घेतलं. ती कामाची मुलगी होती, आणि तिला तिरकं बोलता येत नसे. "आई," ती म्हणाली, "तुमाले झाड पायजे का फुलं पायजे?"

मनकर्णाबाई त्या दिवशी तिच्याशी बोलल्या नाहीत.

खरं म्हणजे त्यांना यातलं एकही नको होतं, किंवा हवं होतं ते तिसरंच होतं, आणि ते सुनेला सांगण्यासारखं नव्हतं. मोर्शीकडच्या संत्र्याच्या मुलखातून त्या लग्न होऊन आल्या तेव्हा या घरात सासू, सासरे, दोन नणंदा, एक दीर आणि भिंतीपलीकडे चुलत घर. नवऱ्याशी बोलायला जागा म्हणून नव्हती. उत्तमराव मुळात मुखदुर्बळ. घरात तर ते बायकोकडे वर मान करूनही पाहत नसत. पण सारवणाला पाणी लागायचं, आणि विहिरीचं पाणी शेंदून द्यायला पुरुषमाणूस लागायचा, हे पार्वताबाईंनीच ठरवून दिलं होतं. म्हणून रोज पहाटे दोघं बागेत. तो पाणी आणून देई, ती सारवी, आणि मग जागा सुकेपर्यंत, फुलं पडेपर्यंत, दोघं बकुळीलगतच्या, वाटेच्या कडेच्या कठड्यावर बसून राहत. त्यांचा सगळा संसार त्या कठड्यावर बोलून झाला होता. पोराचं नाव तिथे ठरलं. नणंदेच्या लग्नाची काळजी तिथे केली. एकदा भांडले तेही तिथेच, हळू आवाजात, फुलं वेचता वेचता. घरी परतताना कमानीपाशी आले की उत्तमराव चार पावलं पुढे चालू लागत आणि पुन्हा मुके होत.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. पाणी मनकर्णाबाई नळाचं घेत. पण सारवून झालं की त्या कठड्यावर बसत, थोडी जागा सोडून. नवरा दिसायचा वगैरे काही नाही, त्या असल्या भाकड गोष्टींतल्या नव्हत्या. तिथे बसलं की तो नाही हे कमी लागायचं, एवढंच. घरी ते फार लागायचं.

आता हे कोणाला सांगणार? त्या पोरीला? रूपालीला?

बागेत काम सुरू झालं. हिरवळीचा हट्ट सोडला, तिचं पाणी झाडांना वळवलं. वाटेवर मागे कोणीतरी घातलेले सिमेंटचे गट्टू उपटले. पडत्या पावसाचं पाणी विहिरीत जावं म्हणून चर खणले. बकुळीला मात्र कोणी हात लावला नाही. नत्थुजींनीच सांगितलं, "त्या पोरीनं ट्रस्टवाल्यायले बजावलं, बाई. म्हणे मावशी हो म्हणत नाई तोवर दोरी बांधू नका. ते लोक घाई करून राहिले, पण पोरगी ऐकतच नाई."

हे ऐकून मनकर्णाबाईंना बरं वाटायला हवं होतं. उलट राग आला. कोणी जबरदस्ती केली असती तर भांडता तरी आलं असतं. त्या रोज जात राहिल्या, रोज सारवत राहिल्या. आणि रोज फुलं कमी पडत राहिली. शेवटी एका सकाळी जागा सुकली, ऊन वर आलं, आणि देवीच्या हाराला पुरतील एवढीही फुलं खाली आली नाहीत. पानं मात्र आली. पिवळी, कडा जळालेली. त्यांनी ती झाडून काढली, आणि झाडताना पहिल्यांदाच त्यांचा हात अडखळला.

मे महिन्यात एका दुपारी त्या बागेत गेल्या. कडक दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नाही, ऑटोवाले सीटवर ओला गमछा टाकून झाडाखाली पडलेले. रूपाली नको म्हणत होती, तरी निघाल्या. काय करणार आहोत हे त्यांना स्वतःलाही नीट ठाऊक नव्हतं. पोरीला शोधून शेवटचं भांडावं असं काहीतरी डोक्यात होतं.

आयुष्य त्या झाडाखाली गेलं, पण दुपारी त्या तिथे कधी आल्या नव्हत्या. कामच नसायचं. त्यांची बकुळ म्हणजे पहाटेची बकुळ: गार, ओलसर, अंधारी. समोर दिसलं ते त्यांना ओळखूच येईना. पानं लोंबत होती, आजाऱ्याचे हात खाटेवरून लोंबतात तशी. सावली विरळ पडलेली, आणि त्या सावलीत त्यांची जमीन पांढरीफटक चमकत होती. सवयीने त्यांनी वाटेवर चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं.

"अगं माय!"

तापलेल्या तव्यावर पडावा तसा पाय पोळला. त्या मागे सरल्या. मग पुन्हा मुद्दाम तळवा टेकवला, आणि पोळत असूनही थोडा वेळ तसाच ठेवला. ही त्यांची जागा होती. त्यांच्या हातची. आणि हिच्याखाली झाडाचे पाय होते.

त्या तशाच अनवाणी हौदामागे गेल्या. उकिरड्यावरच्या बकुळीखाली पाचोळ्यात पाय घातला. वरची पानं कुरकुरली, आणि खाली पाऊल गेलं तिथे गार लागलं. ओलं नाही, पण गार. त्यांनी दोन्ही पाय रोवले आणि तिथेच मटकन खाली बसल्या.

स्वराली चरांवर काम करत होती, ती धावत आली. तिला वाटलं ऊन लागलं. पाण्याची बाटली पुढे केली.

"मले नोको," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी हात सारवलेल्या बकुळीकडे केला. "तिले दे. किती वर्षं उभी हाये वो ते त्या तव्यावर. मी पहाटेच येत होतो. मले काय माहीत दुपारी तिच्यावर काय गुजरते!"

स्वराली त्यांच्या शेजारी बसून राहिली. समजूत घालायला गेली नाही, हे तिने चांगलं केलं.

"सब्बल कोठी हाये?" थोड्या वेळाने मनकर्णाबाईंनी विचारलं. सारवण उखडायला त्यांना पहार हवी होती.

"मावशी, ते माणसं करतील. आन् आत्ता नाई. आधी दोन दिवस पाणी शिंपडून वरचं नरम करावं लागंल. मुळं दुखावली नाई पायजे."

"माणसं नोको. मी केलं ते मीच काढीन."

दोन दिवसांनी सकाळी त्यांनी पहिला पापुद्रा काढला. सबलीने नाही, स्वरालीने लहान खुरपं दिलं होतं. सारवण थरांनी सुटत होतं. राखाडी, पांढरं, पुन्हा राखाडी. हातात घेतलं की पोळीसारखं मोडायचं. वरचे थर त्यांचे होते. खाली कुठेतरी पार्वताबाईंचे असणार. कुठून सुरू झाले ते सांगता येत नव्हतं. काम करताना मनकर्णाबाई रडत होत्या, आणि रडताना हात थांबवत नव्हत्या. नत्थुजी मदतीला वाकले तर त्यांना हाताने बाजूला केलं. मग दमल्या, आणि त्यांनाच बोलावलं.

"सासू मारंन आता मले वर गेल्यावर," त्या नाक पुसत म्हणाल्या.

"अजून टाइम हाये, बाई. तवर सोचून ठेवू काय सांगाचं ते."

खाली काळी माती लागली. दगडासारखी घट्ट, पण काळी. बागेतला सगळा पाचोळा टोपल्यांनी आला. उकिरड्यावरचा मात्र त्यांनी कोणाला हलवू दिला नाही, तो त्या झाडाचा. मनकर्णाबाईंनी रूपालीला सांगून दुकानातले शिळे हार, देवळातलं निर्माल्य मागवलं. आयुष्यभर जे झाडून बाहेर टाकलं ते स्वतःच्या हातांनी आत पसरलं. मग नत्थुजींनी बांबू ठोकले आणि सुंभाची दोरी बांधली. दोरीत तो बसायचा कठडाही गेला. झाडाची मुळं कठड्याखालून पार वाटेपर्यंत गेली आहेत, असं स्वराली म्हणाली. मनकर्णाबाईंनी कठड्याकडे एकदा पाहिलं, दोरीची गाठ ओढून घट्ट केली आणि घरी आल्या.

त्यानंतर त्या पहाटे उठत आणि जागेवरच बसून राहत. रूपाली चहा द्यायची. "जाऊन तं या," म्हणायची, "बाहेरूनच पाह्यजा." त्या जात नसत. देवीच्या हाराला निशिगंध लागायला लागला, देवीने काही तक्रार केली नाही. माणसांना मात्र चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं ते होतंच. पावसाळा गेला, थंडी गेली. मनकर्णाबाईंना जिवाला लागून राहिलं होतं, आणि कशाचं म्हणून कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. झाडाचं, म्हटलं असतं. ते खोटंही नव्हतं.

पाडव्यानंतर नत्थुजीच दुकानावर आले. "चाला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या. शेंड्याचं वाळलेलं लाकूड कापून टाकलं होतं, आणि त्याच्या खाली, मधल्या फांद्यांना, नवी तांबूस पालवी होती. फार नव्हती. पण वास होता. कमानीतून आत शिरतानाच तो आला, आणि त्यांना कमानीचा दगड धरून उभं राहावं लागलं.

दोरीबाहेर, वाटेवर, त्या उभ्या राहिल्या. कठडा आतच होता. फुलं पडत होती. पूर्वी सारवलेल्या जमिनीवर पडली की बारीक आवाज यायचा आणि ती दिसायची. आता पाचोळ्यात पडत होती आणि पडताक्षणी हरवत होती. वेचायला काही नव्हतं, वाकायला काही नव्हतं. मनकर्णाबाई नुसत्या पाहत राहिल्या.

"वाऱ्यानं चार इकडे आली पाहा," नत्थुजी म्हणाले. वाटेच्या दगडांवर थोडी फुलं पडली होती, दोरीबाहेर. "हे तं घेता येते. कोणाची ना नाई."

त्या वाकल्या, एकेक करून ती उचलली, ओंजळ नाकाशी नेली आणि बराच वेळ तशाच राहिल्या. नत्थुजी दुसरीकडे पाहू लागले. मग मनकर्णाबाईंनी दोरीवरून हात पुढे नेला आणि फुलं पाचोळ्यात सोडून दिली.

"काहून वो?"

"त्याचं जेवण हाये ते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आपण कोण मधात?"

तिथून त्या थेट दुकानावर गेल्या. देवळात सकाळची गर्दी होती. रूपाली आत झेंडू निवडत होती, म्हणून गल्ल्यापुढे त्याच बसल्या. थोड्या वेळाने सिंधूताई आल्या. वकिलांच्या घरच्या, त्यांच्याच वयाच्या. बकुळीच्या दिवसांत रोज एक गजरा न्यायच्या, आणि मागच्या हंगामात अर्ध्यावरच त्यांचा गजरा बंद झाला होता.

"यंदा तरी बकुळ आहे की नाही, मनकर्णाबाई?"

"नाई, ताई. बकुळीचा उपास हाये मले."

"उपास? हा कुठला नवीन उपास? कधी सुटणार?"

"झाडाले इचारा लागते."

सिंधूताई हसल्या. त्यांना हे नीटसं कळलं नव्हतं, पण सकाळच्या घाईत कोण विचारत बसतं? मनकर्णाबाईंनी निशिगंधाचा गजरा केळीच्या पानात बांधला आणि पुढे केला. तो घेताना सिंधूताई थबकल्या. पुढे वाकून त्यांनी वास घेतला, गजऱ्याचा नाही, गजरा धरलेल्या हातांचा.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "नाही कसं म्हणता? तुमच्या हातांना तर येतोय!"

मनकर्णाबाईंनी हात चटकन मागे घेतले आणि दोरा शोधायच्या निमित्ताने खाली वाकल्या. दोरा समोरच होता. त्यांना वर यायला जरा वेळ लागला.